केथ्रीडी: मॅकवर लोकल क्लस्टर चालवणाऱ्यांनी हेच घ्यावं

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्यासाठी मी हिशेबाचं ॲप करतोय. माल किती आला, भाव काय लागला, कोणाकडे किती थकले, एवढंच. ते पुढं कुबेरनेटिसवर (अनेक मशीनवर ॲप चालवणारी व्यवस्था) चढणार, म्हणून लॅपटॉपवरही तसंच क्लस्टर, म्हणजे मशीनचा जथा, लागतं. केथ्रीडी ते लॅपटॉपवर उभं करून देतं. आणि तिथं प्रत्येकाला पहिल्याच दिवशी भेटणारा प्रश्न, आमच्या ज्युनियरच्या भाषेत: "भाऊ, पॉड तर रनिंग दाखवते, मग ब्राउझरात काहून उघडून नाही राहिलं?" पॉड म्हणजे ॲप ज्यात चालतं तो डबा.

मॅकवर डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) स्वतःच एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनच्या आत चालतो. क्लस्टरचा नोड, म्हणजे जथ्यातलं एक मशीन, इथं त्या व्हर्च्युअल मशीनमधला कंटेनर असतो आणि पॉड त्याच्याही पोटात. नोडपोर्ट, म्हणजे ॲपसाठी नोडवर उघडलेलं दार, घेतला, 30000 ते 32767 मधला नंबर मिळाला, तरी तो उघडतो नोडच्या आयपीवर, आणि तो आयपी मॅकला दिसतच नाही. लिनक्सवाल्यांचं बरं असतं, त्यांना नोड थेट गाठता येतो.

पोर्ट-फॉरवर्ड, म्हणजे मॅकचा पोर्ट तात्पुरता पॉडला जोडणारी कमांड, सगळेच वापरतात. घटकाभर बघायला ठीक. पण ते एकाच पॉडला धरून बसतं. ॲपची नवी इमेज (आवृत्ती) चढवली, जुना पॉड गेला की कनेक्शनही गेलं. मिनीक्यूब आणि काइंड ही केथ्रीडीसारखीच साधनं. मिनीक्यूबमध्ये मॅकवर सर्व्हिस किंवा टनेल कमांडचं टर्मिनल उघडं ठेवावं लागतं. काइंडमध्ये पोर्ट क्लस्टर बनवतानाच कॉन्फिगमध्ये लिहायचे. नंतर आठवलं तर क्लस्टर पाडून नवं बांधा.

केथ्रीडी मला पटलं ते इथं. क्लस्टर बनवताना '8080:80@लोडबॅलन्सर' एवढं सांगितलं की पुढं एक लोडबॅलन्सरचा कंटेनर उभा राहतो आणि मॅकचं 8080 आतल्या 80 ला जोडून देतो. आत केथ्रीएस, म्हणजे हलकं कुबेरनेटिस, चालतं आणि त्यासोबत ट्रेफिक (Traefik) हा इनग्रेस, म्हणजे बाहेरची मागणी योग्य ॲपकडे वळवणारा, आयताच येतो. आपण फक्त इनग्रेसचा नियम लिहायचा, की लोकलहोस्ट 8080 वर ॲप हजर. मग पॉड कितीदाही मरो, पत्ता तोच. एखादा पोर्ट राहून गेला तर क्लस्टर एडिटनं मागाहून जोडताही येतो.

खरी मजा गादीवर आली. लॅपटॉप त्यांच्याच वायफायवर लावला, अडत्याच्या पोरानं आपल्या फोनवर लॅपटॉपचा आयपी आणि 8080 टाकलं, आणि उधारीची यादी समोर. बापानं चष्मा वर करून आधी स्वतःचं येणं तपासलं. डिझाइनबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

दोन गोष्टी सांभाळा. ॲप आत 127.0.0.1 वरच, म्हणजे फक्त स्वतःच्या आतूनच, ऐकत असेल तर पोर्ट-फॉरवर्डनं चालेल, पण सर्व्हिसमधून (पॉडपर्यंत पोचवणारा कायमचा पत्ता) येणार नाही, 0.0.0.0 वर, म्हणजे सगळीकडून, ऐकायला लावा. आणि प्रॉडक्शनला दुसरा इनग्रेस असेल तर क्लस्टर बनवतानाच ट्रेफिक बंद करून तोच बसवा, नाहीतर इथं चाललेले ॲनोटेशन (इनग्रेसला दिलेल्या खास सूचना) तिथं चालणार नाहीत.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मदतीच्या पानांसाठी, नवख्याला ती फार त्रोटक वाटतात. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलरसमोरही लॅपटॉप तापतो, तेव्हा काम नसताना क्लस्टर स्टॉप करून ठेवा. परत स्टार्ट केलं की पोर्ट जसेच्या तसे मिळतात.