झिपफाइल, मराठी नावं आणि आठ महिने

एका सहकारी संस्थेसाठी लिहिलेली माझी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) गेले आठ महिने रोज रात्री गावागावांचे कागद झिप करून शाखांना पाठवते. फाइलींची नावं देवनागरीतच हवीत, हा संस्थेचा हट्ट. मला तो पटला, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं झिप फाइली हाताळणारं झिपफाइल मॉड्यूल घेतलं.

झिप करण्याबद्दल तक्रार नाही. हा फॉरमॅट १९८९ चा, नावांसाठी जुन्या आयबीएम पीसीची सीपी ४३७ ही अक्षरमाला. नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत आहे हे सांगणारी खूण, म्हणजे ११ क्रमांकाचा बिट, २००६ मध्ये आली. नाव आस्कीत, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत बसलं नाही की पायथन ३ स्वतःच यूटीएफ-८ लिहून ती खूण करतं.

रडगाणं आहे ते शाखांकडून आलेल्या झिप उघडताना. एका शाखेचं जुनं सॉफ्टवेअर नाव यूटीएफ-८ मध्येच लिहायचं, पण खूण करायचं नाही. मग पायथन ते सीपी ४३७ समजून वाचणार, आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी ग्रीक अल्फापासून सुरू होणारी तीन-तीन चिन्हं! नाव उलट सीपी ४३७ ने बाइट्समध्ये बदलून (एन्कोड) ते बाइट्स यूटीएफ-८ म्हणून वाचले (डिकोड) की सगळं परत मिळतं. पायथन ३.११ पासून वाचतानाच मेटाडेटा-एन्कोडिंग, म्हणजे नावं कोणत्या पद्धतीत लिहिली आहेत ते, सांगता येतं, त्यामुळे माझी ती कसरत संपली.

खरा घाम फोडला तो ‘ऱ’ने. ‘शेतकऱ्यांची यादी’ एकाच झिपमध्ये दोनदा, दिसायला तंतोतंत सारखी. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी बाइट्स छापून पाहिले: एकीत अखंड ‘ऱ’, दुसरीत साधा ‘र’ आणि वेगळा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब. दुसरी आली होती जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून. ती फाइल सिस्टीम नावं अशी फोडूनच ठेवते. आता प्रत्येक नाव आधी एनएफसीत, म्हणजे तुकडे जोडून अखंड अक्षरं करणाऱ्या युनिकोडच्या रूपात आणतो. मात्र तसं केल्यावर दोन्ही नावं खरोखरच एक होतात, आणि झिपफाइल नुसती वॉर्निंग देऊन दोन्ही फाइली आत कोंबतं. इथे एरर यायला हवी होती. नाव आधीच आत आहे का, हे मीच तपासतो.

आणखी एक. लिनक्सवर नावाला सहसा २५५ बाइट्सची मर्यादा, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर सुखाने उघडलेली ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व त्यावरील...’ आमच्या लिनक्स सर्व्हरवर अडकली. नावं आखूड ठेवा म्हणून सचिवांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, मग विषय कळणार कसा?