वास्को ते शालिमार: आडवा देश दाखवणारी अमरावती एक्स्प्रेस

गोव्यातून रेल्वेने निघालेला माणूस बहुधा वर मुंबई-दिल्ली धरतो, नाहीतर खाली केरळ. आडवा देश बघायचा तर वास्कोहून सकाळी सुटणारी 18048 अमरावती एक्स्प्रेस धरा. आठवड्यातून चार दिवस धावते, आणि अरबी समुद्राकाठून बंगालमध्ये, हावड्याजवळच्या शालिमारपर्यंत नेते. मी मडगावला चढते, तेही स्लीपरमध्ये. एसीच्या बंद काचेतून बघायचं तर मग घरीच टीव्ही लावावा.

घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्टेशनात मागून जादा इंजिनं लागतात, कारण पुढे कॅसलरॉकपर्यंतचा घाट 37 फुटांना एक फूट असा चढतो. पोर्तुगीज गोव्यातला हा मार्ग 1880च्या दशकात ब्रिटिश भांडवलावर झाला. 1961पूर्वी इथे सीमा ओलांडताना सामान उघडून दाखवावं लागे, हे सांगणारी म्हातारी माणसं आमच्या कुडचड्याला अजून भेटतात. दूधसागर आला की सगळा डबा एका बाजूला. पावसाळ्यात तर डोळ्यांचं पारणं फिटतं. फक्त रुळांवर उतरू नका, मनाई आहे.

घाट चढलात की माड संपले. धारवाडचा पेढा घ्या, हुबळीनंतर काळी जमीन बघा, होस्पेट-बळ्ळारीकडे दगडांचे ढीग. एप्रिल-मे महिन्यात इथली दुपार भाजून काढते, म्हणून मी डिसेंबर-जानेवारी सोडून जात नाही. गुंतकलनंतर रात्र. आंध्रातल्या नल्लमला डोंगरांचं जंगल झोपेतच जातं, त्याला इलाज नाही.

गाडी वेळेवर असेल तर राजमहेंद्रीला पहाट होते आणि गोदावरी येते. त्र्यंबकेश्वरला ओंजळीत मावणारी ही नदी इथे पैलतीर दिसू देत नाही. जुन्या, 1900 सालच्या हॅवलॉक पुलाचे खांब अजून पात्रात उभे आहेत. त्याच्यावरची वाहतूक 1997 साली थांबली. आणि आजूबाजूला काय? भात, माड, केळी! घाटापलीकडे सोडून आलेलं सगळं पूर्व किनाऱ्यावर परत हजर. माझ्या मते या गाडीची खरी गंमत हीच. दोन समुद्रांमधला कोरडा देश पार केल्याशिवाय आपला ओलावा किती अरुंद पट्टीतला आहे ते कळत नाही.

विशाखापट्टणमला इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट फिरते. तेव्हा जागा बदलून घ्या. पुढे बालुगावच्या आसपास चिल्का सरोवर लागतं, ते धावत्या दिशेच्या उजव्या हाताला.

सोबत कोण असतं तेही सांगते. गोव्यात मासेमारीच्या ट्रॉलरवर काम करणारी उडिया मुलं, हॉटेलांतले बंगाली आचारी. पणजीजवळच्या मालिमच्या मासळी धक्क्यावर काम करणारा, ओडिशातल्या गंजामचा एक मुलगा मला मावशी म्हणत होता. कोंकणी अस्खलित. चिल्काचे खेकडे आमच्यापेक्षा चांगले, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. मी भांडले, पण खाल्ल्याशिवाय किती भांडणार? ब्रह्मपूरला उतरताना त्याने आईसाठी घेतलेल्या काजूंतले मूठभर मला दिले. गोव्यातले काजू, गोव्यातल्याच बाईला.

या मुलांमुळे एक गोष्ट लक्षात ठेवा. 1 जून ते 31 जुलै गोव्यात ट्रॉलरची मासेमारी बंद असते, तेव्हा मेच्या शेवटी घरी जाणाऱ्यांची गर्दी उसळते. हौशी प्रवाशाने त्या आठवड्यात त्यांची बर्थ अडवू नये.

जेवण घरून न्या: चपात्या, सुकी भाजी, पहिल्या दिवसापुरती चण्याची उसळ. पुढे इडली-वडा मिळत राहतो आणि शेवटी झालमुडीवाला, म्हणजे बंगाली भेळवाला, येतो.

खटकतं ते एकच, शेवट. शालिमारला पोचेपर्यंत रात्रीचा उशीर होतो आणि हावड्याच्या त्या टोकाला नवख्या माणसाने तेव्हा वाहन शोधत फिरणं मला पटत नाही. त्यापेक्षा संध्याकाळच्या सुमारास भुवनेश्वरला उतरा, लिंगराज मंदिर बघा, पुरीला जाऊन या आणि कोलकात्याला दिवसाची गाडी पकडा.