बिडाचा ब्लॉक टाकतो म्हणून ६८ हजार घेतले, ब्लॉक निघाला जुनाच

पेट्रोल स्विफ्ट किंवा तसली अॅल्युमिनियम ब्लॉकची (ब्लॉक म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा) कुठलीही गाडी वापरत असाल तर हे पूर्ण वाचा, कारण आमच्याकडून ज्या पद्धतीने पैसे काढले तीच पद्धत तो गॅरेजवाला मिस्त्री अजून कुणावर तरी वापरणार हे नक्की.

आमची स्विफ्ट के सिरीज इंजिनची, ११९७ सीसी. रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात रेडिएटरचा होज फाटला, टेंपरेचर चढलं, गाडी तिथंच बाजूला घेतली आणि टो करून हायवेलगतच्या एका गॅरेजला लावली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचा फोन, "साहेब, ब्लॉकला क्रॅक गेलाय." मी गेलो तर हेड (ब्लॉकच्या वर बसणारा भाग) उतरवलेलं, आणि तो बोटानं एक काळी रेघ दाखवतोय. मग त्याचं सुरू झालं, की ह्या नवीन गाड्यांचे ब्लॉक अॅल्युमिनियमचे, नाजूक, एकदा तापले की गेले, मी तुम्हाला बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, ब्लॉक टाकून देतो, डिझेल स्विफ्टला बिडाचाच येतो ना, तोच बसतो, आयुष्यभर बघायला नको. ६८ हजार सांगितले.

ह्यातली बदमाशी अशी की अर्धं बोलणं खरं आहे. जुन्या १.३ डिझेल स्विफ्टचा ब्लॉक बिडाचाच आहे. पण ते इंजिनच वेगळं, १२४८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८२. पेट्रोलचा बोअर ७३ आणि स्ट्रोक ७१.५. पिस्टन, क्रँक, हेडच्या बोल्टच्या जागा, काहीच एकमेकांना लागत नाही. तो ब्लॉक ह्या गाडीत बसणं शक्यच नाही, आणि हे मिस्त्रीला पक्कं माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं, त्यावरच सगळा धंदा.

गाडी परत घेताना ब्लॉक काळपट राखाडी रंगाचा दिसत होता. त्यानं खिशातून मॅग्नेट काढून "हे बघा, बीड" म्हणून चिकटवूनसुद्धा दाखवला. बिलावर नुसतं "इंजिन काम", जीएसटी नंबर नाही.

थोड्या दिवसांनी कूलंट परत कमी व्हायला लागलं. आमचे मामा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, त्यांचं सगळं आयुष्य बिडाच्या कास्टिंगमध्ये गेलंय. बॉनेट उघडून त्यांनी काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ब्लॉकच्या भिंतीवर एक ओरखडा काढला. वरचा रंग निघाला आणि आत पांढरी चकचकीत मऊ धातू. बीड असं दिसत नाही, ते करडं असतं आणि घासलं की हाताला काळं लागतं, त्यात ग्रॅफाइट असतं म्हणून. मग मॅग्नेट लावला तर घसरून खाली. मिस्त्रीनं तो कुठं चिकटवला होता तेही सापडलं, शेजारच्या लोखंडी ब्रॅकेटला, त्यावरपण तोच रंग मारलेला! आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे इंजिन नंबर. तो ब्लॉकवरच पंच केलेला असतो. आमच्या आरसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एकच, कंपनीचाच मूळ पंच. ब्लॉक खरंच बदलला असता तर आरटीओत नोंद करायला लागली असती, त्याबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता.

मग दुसरीकडे, इंजिन बोअरिंगच्या वर्कशॉपला, इंजिन उघडलं. क्रॅक नव्हताच कधी. ती काळी रेघ म्हणजे उडालेल्या गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ पॅकिंगचा) डाग. हेड थोडं वाकलेलं होतं, पहिल्या मिस्त्रीनं फेसिंग (घासून सपाट) न करता नुसतं नवीन गॅस्केट टाकून आवळलं होतं म्हणून परत गळती. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून माझ्यासमोर तपासलं, हेड फेस केलं, नवीन गॅस्केट, नवीन होज, सगळं मिळून पहिल्याच्या पाव खर्चात झालं.

आता ब्लॉक कुठल्या धातूचा ह्यानं फरक पडतो का? रोज चालवणाऱ्याला फारसा नाही. आकार तोच धरला तर बीड अॅल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड, म्हणून कंपन्या अॅल्युमिनियमकडे गेल्या, मायलेजसाठी. पिस्टन जिथं घासतो तिथं अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्येही बहुतेक वेळा बिडाचेच लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) असतात. फरक पडतो तो तापल्यावर. अॅल्युमिनियम गरम झालं की बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि लवकर वाकतं, त्यामुळं टेंपरेचरचा काटा वर गेला की गाडी रेटायची नाही, आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी न घालता कूलंटच घालायचं, नाहीतर आतून खातं. म्हणून ते नाजूक म्हणायचं का, तर अजिबात नाही. बीडपण ठिसूळच, बिडाचा तवा हातातून पडला तर तुकडे होतात. क्रॅक गेलाच तर बीड आधी तापवून निकेल रॉडनं वेल्ड करून हळूहळू थंड करतात किंवा न तापवता स्टिचिंग (पिना बसवून क्रॅक बांधणं) करतात, अॅल्युमिनियमला आर्गनचं टिग वेल्डिंग लागतं. दोन्हीला एकच इलाज सांगणारा माणूस दिसला तर गाडी उचला.

ब्लॉक गेला असं कुणी म्हटलं तर प्रेशर टेस्ट (आत दाब देऊन गळती बघणं) समोर करायला लावा, जुना ब्लॉक ताब्यात मागा, आणि मॅग्नेट स्वतःच्या हातानं ब्लॉकच्या भिंतीला लावा, बोल्टला किंवा ब्रॅकेटला नाही.

पैसे मागायला गेलो तर मिस्त्री म्हणाला "गाडी चालली की नाही?" आणि विषय संपवला. मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि २ वर्षांच्या आत जावं लागतं. मॅग्नेट घसरतानाचा व्हिडिओ, इंजिन नंबरचा फोटो, आरसी आणि दुसऱ्या वर्कशॉपनं लेटरहेडवर "ब्लॉक मूळचाच, क्रॅक नाही" असं लिहून दिलेलं पत्र, एवढं जोडलंय. ते पत्र इंजिन परत आवळायच्या आधी मागून घ्या, नंतर कुणी लिहून देत नाही.