१२ मिलिमीटरचा कॅरम बोर्ड : सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या शाळेच्या क्रीडाकक्षासाठी जूनमध्ये घेतलेला हा कॅरम बोर्ड गेले सहा महिने रोज वापरात आहे. मी नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे मधल्या सुट्टीतील खेळाइतकाच तो गतीच्या नियमांच्या तासालाही उपयोगी पडतो, आणि हे परीक्षण त्या दोन्ही वापरांवर आधारलेले आहे. प्लायवूडची जाडी १२ मिलिमीटर, खेळण्याचा पृष्ठभाग ७४ सेंटिमीटरचा चौरस आणि चौकट भरीव लाकडाची आहे. स्पर्धेच्या नियमांना ८ मिलिमीटर जाडीही चालते. तरीही मी जाड बोर्डाचाच आग्रह धरला, त्याचे कारण जडत्व.

स्ट्रायकर चौकटीवर आदळला की पातळ, हलका बोर्ड थरथरतो, कधी घोडीवर किंचित सरकतोही, आणि त्या हालचालीत स्ट्रायकरची ऊर्जा खर्च झाल्यामुळे तो मरगळल्यासारखा परततो. वस्तुमान जास्त असले की बोर्ड आपली जागा सहजासहजी सोडत नाही. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला असता तो चौकटींदरम्यान किमान साडेतीन फेऱ्या करून यावा, अशी कसोटी स्पर्धेच्या बोर्डासाठी लावली जाते. आमच्या जुन्या, पातळ बोर्डावर दोन फेऱ्या होणेही कठीण होते. या बोर्डावर पावडर टाकल्यानंतर चार फेऱ्या सहज होतात. या बाबतीत बोर्डाला मी पूर्ण गुण देते.

पृष्ठभागाच्या घर्षणाबाबत मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तक्रार तिथेच आहे. विद्यार्थ्यांसह आम्ही एक साधा प्रयोग केला. बोर्डावर एक सोंगटी ठेवायची, बोर्डाची एक बाजू हळूहळू उचलायची आणि सोंगटी सरकू लागताच ती बाजू जमिनीपासून किती उंच आहे ते मोजपट्टीने पाहायचे. कोरड्या बोर्डावर ही उंची साधारण २६ सेंटिमीटर भरली, तर बोरिक पावडर पसरल्यावर जवळजवळ निम्मी. बोरिक आम्लाच्या कणांमध्ये पापुद्र्यांसारखे थर असतात आणि ते एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणूनच चिमूटभर पावडरीने एवढा फरक पडतो. घर्षण निम्मे झाले की त्याच वेगाने निघालेली सोंगटी दुप्पट अंतर जाते, हे मुलांनी गणिताने काढले आणि मग बोर्डावर ताडूनही पाहिले.

हाच प्रयोग चारही कोपऱ्यांत केला तेव्हा दोष उघड झाला. तीन कोपऱ्यांत उंची सारखी आली, पण चौथ्या पॉकेटजवळ तळहाताएवढ्या जागेत सोंगटी बरीच उशिरा सरकली. बोटाने चाचपले तर पॉलिशचा थर तिथे खरखरीत लागत होता. दुकानदाराने प्रथम "वापरात आपोआप बसेल" असे सांगितले. दोनदा आठवण दिल्यावर त्याने कारागीर पाठवून तो भाग घासून पुन्हा पॉलिश करून दिला. माझ्या मते बोर्ड किती गुळगुळीत आहे यापेक्षा तो सगळीकडे सारखा गुळगुळीत आहे का, हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण खेळणाऱ्याचा हात एका ठरावीक घर्षणाची सवय लावून घेतो आणि पॉकेटच्या तोंडाशी ते बदलले की नेम बरोबर असूनही सोंगटी अलीकडेच थांबते.

बोर्डासोबत मिळालेला स्ट्रायकर १५ ग्रॅमचा आणि सोंगट्या प्रत्येकी सुमारे सव्वापाच ग्रॅमच्या आहेत. स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड असल्यामुळे समोरासमोर धडक झाल्यावरही तो जागीच थांबत नाही, तर कमी वेगाने पुढे जात राहतो. सोंगटीच्या पाठोपाठ तोही पॉकेटमध्ये जातो आणि नवशिक्यांना मिळवलेली सोंगटी परत ठेवावी लागते. सोंगट्यांच्या कडा छान सरळ आहेत. त्यामुळे सात सोंगट्यांची चळत रचून सर्वांत खालच्या सोंगटीला स्ट्रायकरने जोरात टोला दिला की तेवढीच बाहेर निसटते आणि वरच्या सहा जागच्या जागी खाली बसतात, हा पाठ्यपुस्तकातला प्रयोग जवळजवळ प्रत्येक वेळी यशस्वी होतो. एका मुलीने टोला मुद्दाम हळू दिला तेव्हा चळत ओढली जाऊन कोसळली. घर्षणाला वरच्या सोंगट्या ओढायला पुरेसा वेळ मिळाला, हे कारण तिने स्वतःच सांगितले, आणि त्या दिवशी मला या खरेदीचे खरे समाधान वाटले.

पावसाळ्यात दमट हवेने पावडरीचे गोळे होऊन सोंगट्या अडखळू लागल्या. जुनी पावडर कोरड्या सुती फडक्याने रोज पुसून नवी अगदी थोडी टाकणे, एवढाच उपाय उपयोगी पडला. प्लायवूड मात्र कुठेही फुगले नाही. बोरिक पावडर पोटात जाणे घातक असल्याने खेळल्यानंतर हात धुण्याची शिस्त लावावी आणि डबा लहान मुलांपासून दूर ठेवावा.

घरी अधूनमधून खेळणाऱ्यांना एवढ्या जड बोर्डाची गरज नाही, कारण तो उचलायला दोन माणसे लागतात. शाळा किंवा मंडळासाठी मात्र मी याची शिफारस करते. पुढच्या वर्षी आम्ही याच प्रतीचा दुसरा बोर्ड घेणार आहोत. या वेळी पैसे देण्यापूर्वी चारही कोपऱ्यांत सोंगटी ठेवून उताराचा प्रयोग दुकानातच करून घेऊ.