किलोच्या भावाने मिळणारी तांब्याची जुनी नाणी: घेऊन साठवावीत का?

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तांबं रोज हातातून जातं. नवी इनॅमल वायर किलोने आणायची, जळालेलं वाइंडिंग तोडून काढायचं, पोतं भरलं की भंगारात घालायचं. त्यामुळे तांब्याचा भाव वाढला की ओळखीतले लोक मलाच विचारतात, "भाऊ, जुनी तांब्याची नाणी किलोने मिळतायत, घेऊन ठेवू का?" सोनं परवडत नाही, चांदीही हाताबाहेर गेली, मग तांबं तरी घरात असावं असा विचार त्यामागे असतो. विचार वाईट नाही. पण असा माल मी स्वतः घेतलाय, निवडलाय, त्यातला काही विकूनही बघितलाय, तेव्हा जे दिसलं ते सविस्तर लिहितो.

आपल्याकडे हा माल दोन प्रकारे मिळतो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावर खेळणी-बांगड्यांच्या रांगेच्या टोकाला कुणीतरी ताडपत्री अंथरून जुनी नाणी, कुलपं, अडकित्ते घेऊन बसलेला असतो. एरवी मधल्या मारुतीच्या बाजूला तांब्या-पितळेची मोड घेणाऱ्यांकडे चौकशी केली तर आतून डबा बाहेर येतो. सुटं नाणं घ्याल तर वीस-तीस रुपयांपासून पुढे, किलोने घ्याल तर स्वस्त. मी शेवटचा माल १,५०० रुपये किलोने घेतला. त्याच आठवड्यात जळक्या तारेला मला किलोमागे ८५० मिळाले होते.

इथेच धातूचा हिशोब संपतो. तरीही पुढचं सांगतो, कारण बरेच जण "भाव दुप्पट झाला की फायदाच" असं म्हणतात. पहिली गोष्ट, डब्यातली बहुतेक नाणी निव्वळ तांब्याची नसतात. ब्रिटिश सरकारने १९०६ पासून पाव आण्याचं नाणं ब्राँझचं केलं, म्हणजे तांब्यात थोडं कथील आणि जस्त. भंगारवाला त्याला तारेच्या भावात धरत नाही. मी विचारलं तेव्हा ६०० च्या वर कुणी बोललं नाही. दुसरी गोष्ट, माती, चुना आणि हिरवा गंज तुम्ही तांब्याच्या भावात विकत घेता. तेव्हा तांबंच साठवायचं असेल तर माझ्यासारख्या रिवाइंडिंगवाल्याकडून जळकी तार घ्या. तीन एचपीच्या एका मोटारीतून दोनेक किलो निघते, तिला सगळीकडे एकच भाव असतो आणि विकताना कुणी नाक मुरडत नाही.

लोक अमेरिकेचा दाखला देतात. तिथे एक सेंटची नाणी निवडून साठवणारे खूप आहेत, आणि त्यांचा हिशोब खरोखर बसतो. तिथलं एक सेंटचं नाणं १९८२ पर्यंत ९५ टक्के तांब्याचं होतं, वजन ३.११ ग्रॅम. त्याच वर्षी मध्येच ते जस्ताचं करून वरून तांब्याचा पातळ मुलामा देऊ लागले, वजन २.५ ग्रॅमवर आलं. म्हणून १९८२ चं नाणं काट्यावर ठेवल्याशिवाय कुठलं ते कळत नाही. जुन्या नाण्यातल्या तांब्याची किंमत दर्शनी किमतीच्या कितीतरी वर गेली आहे, पण वितळवायला २००६ च्या शेवटी तिथल्या टांकसाळीने बंदी घातली. मग माणसं ती नुसती भरून ठेवतात, कधीतरी बंदी उठेल म्हणून. आता २०२५ च्या नोव्हेंबरात तिथे चलनासाठी हे नाणं पाडणंच थांबलं, तेव्हा त्यांची आशा अजून वाढली असेल. पण त्यांच्या आणि आपल्या व्यवहारात मुळात फरक आहे. त्यांना ते नाणं बँकेतून एका सेंटलाच मिळतं. निवडून उरलेली परत बँकेत भरली की पैसे जसेच्या तसे. गेला तर वेळ जातो, पैसा जात नाही. आपल्याकडे दर्शनी किमतीत हातात येणारं तांब्याचं नाणं आता उरलेलंच नाही. पाव आणा चलनातून गेला त्याला पिढ्या झाल्या, आणि २५ पैसे व त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली.

यावर काही हुशार मंडळी पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याकडे वळतात. ९ ग्रॅमचं, तीन भाग तांबं नि एक भाग निकेल, १९९२ पासून निघालेलं. ते वेगळं काढून डबे भरणारे आपल्या बाजारातही आहेत. त्यांना कळकळीने सांगतो, हे करू नका. २०११ च्या नाणे कायद्यात चालू नाणं वितळवणं तर गुन्हा आहेच, पण गरजेपेक्षा खूप जास्त नाणी दर्शनी किमतीहून वेगळ्या भावाने विकण्यासाठी बाळगणंही गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. शिवाय बाजारात सुटे मिळत नाहीत म्हणून आपणच ओरडतो.

मग मी हा माल घेतो कशाला? निवडण्यासाठी. साठवण्यात काही नाही, निवडण्यात मात्र पुष्कळ आहे.

त्यासाठी खिशात मावणारा डिजिटल काटा लागतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मला साडेचारशेला मिळाला. झाकण उघडलं की ताटली, दोन छोट्या बॅटरीवर चालतो, आणि वजनाचा ठोकळा सोबत आला तर तोच घ्या, कारण काटा सरकतो आणि ठोकळा ठेवून तो पुन्हा बरोबर करून घ्यावा लागतो. पंख्याखाली वजन करू नका, शेवटचा आकडा नाचत राहतो.

हा काटा काय करतो ते एका नाण्यावर सांगतो. सातव्या एडवर्डचा पाव आणा, साल १९०६. डब्यात अशी दोन नाणी सापडली. दोन्हींवर तोच टकलाकडे झुकलेला दाढीवाला राजा, मागे तेच साल, तोच साधारण इंचभर व्यास. एक काळपट तपकिरी, दुसरं जरा तांबूस, पण शंभर वर्षांच्या मळाखाली रंगावर भरवसा ठेवता येत नाही. काट्यावर पहिलं ठेवलं, ४.७८. दुसरं ठेवलं, ६.३१. पहिलं ब्राँझचं, दुसरं जुन्या पद्धतीचं अस्सल तांब्याचं. १९०६ मध्ये दोन्ही पडली, कारण धातू त्याच वर्षी बदलला. नव्याने पाडलेलं तांब्याचं नाणं साधारण ६.४७ ग्रॅम असायचं, ब्राँझचं ४.८६. उरलेला फरक हातोहात झिजला. अमेरिकेतल्या लोकांना १९८२ ने जो खेळ दिला तोच आपल्याला पाऊण शतक आधी १९०६ ने दिलाय, आणि आपल्या डब्यात तो किलोच्या भावाने पडलाय. मला यात जो आनंद होतो तो दुकानात शॉर्ट झालेली मोटार पहिल्या स्विचला फिरते तेव्हाच होतो.

म्हणून माझी निवड वजनाने सुरू होते. सहा ग्रॅमच्या आसपास भरलेली सगळी एका बाजूला: व्हिक्टोरिया राणीची १८६२ पासूनची, त्याआधीची कंपनीची १८३५ ची. पावणेपाच ग्रॅमवाली दुसऱ्या बाजूला, त्यात पंचम जॉर्ज सगळ्यात जास्त. दोन ग्रॅमचा भोकाचा पैसा वेगळा. तो १९४३ मध्ये निघाला, महायुद्धात धातू वाचवायला मधला गोल काढून टाकला. जुन्या मिस्त्र्यांनी तो सरळ वॉशर म्हणून वापरलाय, मला स्वतःला जुन्या मोटारीच्या बोल्टखाली सापडलाय. नया पैसा दीड ग्रॅमचा, बोटाच्या पेराएवढा. विकणारे तो वजन भरायला मुद्दाम जास्त घालतात, पाहून घ्या.

सोलापूरच्या मालाची खरी मजा मात्र वेगळीच आहे. आपलं शहर इंग्रजांच्या मुलखात, पण तुळजापूर-नळदुर्ग निजामाच्या, अक्कलकोट स्वतंत्र संस्थान. बाजाराला येणारा माणूस तीन राज्यांतला. त्यामुळे इथल्या डब्यात इंग्रजांच्या पैशाबरोबर हैदराबादचे पै निघतात, वर फारसी अक्षरं असलेले. पुण्या-मुंबईच्या मालात इतके येत नसावेत असं माझं मत. आणि नशीब असेल तर शिवराई. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति", बहुतेक नाण्यांवर अक्षरं अर्धीच उमटलेली, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. दोन समांतर रेघा असलेली ती दुदांडी. महाराजांनंतरही, पेशवाईतसुद्धा, ही नाणी पडत राहिली, म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली समजू नका. माझ्याकडची एक ९.१ ग्रॅम भरली. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला छिन्नीने तोडल्याची खूण स्पष्ट दिसते.

शिवराईतच सगळ्यात जास्त फसवणूक आहे. ओतीव नकली नाण्याच्या अंगावर बारीक खडबड असते आणि कडेला साच्याची रेघ दिसते. ताडपत्रीवर दहा शिवराया असतील आणि दहाही एकाच जागी तुटलेल्या, एकाच वजनाच्या असतील, तर उठून चालू लागा. दुसरा नकली प्रकार म्हणजे "ईस्ट इंडिया कंपनी" लिहिलेली, रामदरबार किंवा मारुती असलेली, १६१६, १७१७, १८१८ अशी सालं घातलेली नाणी. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. हे नंतर कुणीतरी बनवलेले बिल्ले आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, पण त्याला लाखो रुपये मिळतात म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवून आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी "नोंदणी फी" भरली. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नसते आणि असं कमिशनही घेत नाही. घरातल्या मोठ्या माणसांना हे आवर्जून सांगा.

लोहचुंबक सोबत न्या. तांबं-ब्राँझ चिकटत नाही. मुलामा दिलेला लोखंडी तुकडा लगेच चिकटतो. विकणारा चुंबक लावू देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी नाण्याला लावू नका. देवाची भांडी उजळतात तशी नाणी उजळतात खरी, पण वरचा तपकिरी थर गेला की जाणकार माणूस त्याला हातही लावत नाही, आणि झिजलेल्या सालाचा उरलासुरला आकडाही जातो. साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, जुन्या मऊ ब्रशने माती काढा, कोरडं करून कागदाच्या पाकिटात ठेवा. भुकटीसारखा फिकट हिरवा गंज धरलेलं नाणं इतरांपासून वेगळं ठेवा. तो गंज थांबत नाही.

पैशाचं विचाराल तर एका किलोत दोनशेच्या आसपास नाणी. त्यातली साल नीट वाचता येणारी तिसरा हिस्सा धरा. सुटी विकली तर वीस-पंचवीसला एक जातं. कागदावर मुद्दल निघतं. प्रत्यक्षात सत्तर नाणी एकदम घेणारा माणूस भेटत नाही, तीन-चार घेणारा भेटतो, तेही घासाघीस करून. तेव्हा कमाईसाठी हे घेऊ नका. मुलांना इतिहास हातात द्यायचा असेल, एखादी संध्याकाळ मोबाईल बाजूला ठेवून घरच्यांबरोबर बसायचं असेल, तर १,५०० रुपये मला जास्त वाटत नाहीत. एक किलो घ्या, पोतं घेऊ नका. निवडून झालं की नको असलेली नाणी त्याच दुकानात बदलीत द्या. बरेच जण घेतात, मात्र आधी बोलून ठेवा.

मी स्वतः दोनच गोष्टी कायमच्या ठेवतो. एक, सहा ग्रॅमवरची सगळी. दुसरी, १९३० ची पाव आण्याची नाणी, कितीही झिजलेली असोत. त्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यासमोरून रोज जातो आपण. हे पैसे तेव्हा याच शहरातल्या गिरणी कामगारांच्या हातातून फिरत असतील, आणि वर पंचम जॉर्जचा चेहरा. माझ्या मुलीला मी ते वर्ष पुस्तकातून नाही, त्या नाण्यावरून सांगितलं. ही नाणी मी विकत नाही.

बाकी पंचम जॉर्जची वाचता येणारी नाणी माझ्याकडे पुष्कळ झाली आहेत. कुणाकडे १९०६ चं एडवर्डचं नाणं असेल तर आधी काट्यावर ठेवा. सहा ग्रॅमच्या वर भरलं तर त्याच्या बदल्यात माझी हवी ती दहा निवडून घेऊन जा.