निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर: तहहयात पेन्शन विकत घ्यावी की ठेवीत ठेवावी?

खासगी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हाती भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून ३० लाख रुपये आले, असे धरू. या रकमेतून विमा कंपनीची तहहयात पेन्शन, म्हणजेच ॲन्युइटी घ्यावी, की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ती ठेवावी, हा निर्णय त्याला करायचा असतो. मात्र त्याआधी ईपीएस-९५ मधून, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतून, दरमहा किती मिळणार हे कागदावर मांडून पाहावे, कारण अनेकांचा अंदाज तिथेच चुकतो.

ईपीएसचे सूत्र साधे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. अडचण आहे ती वेतनमर्यादेची. सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा १५,००० रुपये झाली. त्याआधीच्या सेवेसाठी ६,५०० रुपयेच धरले जातात. मर्यादेइतक्याच वेतनावर वर्गणी गेलेल्या आणि सप्टेंबर १९९६ पासून ३० वर्षे नोकरी केलेल्या माणसाची पहिल्या १८ वर्षांची पेन्शन १,६७१ रुपये आणि पुढच्या १२ वर्षांची २,५७१ रुपये होते. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी दोन वाढीव वर्षे धरली, तरी आकडा साडेचार हजारांच्या आसपासच राहतो. त्यावर महागाई भत्ता मिळत नाही. शेजारच्या निवृत्त सरकारी शिक्षकांची पेन्शन दरवर्षी वाढताना दिसते म्हणून आपलीही वाढेल, ही समजूत महागात पडते.

ॲन्युइटीचा दर वयानुसार आणि निवडलेल्या पर्यायानुसार बदलतो. मूळ रक्कम वारसांना परत मिळण्याचा पर्याय घेतला आणि दर साडेसहा टक्के धरला, तर ३० लाखांवर दरमहा १६,२५० रुपये मिळतील. हे पैसे मरेपर्यंत येत राहतील; त्यामुळे पेन्शन बंद पडण्याची भीती फारशी बाळगण्याचे कारण नाही. खरा धोका ती तेवढीच राहण्याचा आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते, म्हणजे सत्तराव्या वर्षी हेच १६,२५० रुपये आजच्या आठ हजारांइतकाच किराणा आणि औषधे आणतील. दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढणारी ॲन्युइटीही मिळते, पण तिची सुरुवात बरीच कमी रकमेपासून होते. शिवाय अचानक शस्त्रक्रिया करावी लागली, तर गुंतवलेली रक्कम मोकळी करणे कठीण किंवा तोट्याचे ठरते.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख रुपये ठेवता येतात. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडावे लागते. एप्रिल २०२३ मध्ये लागू झालेल्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये पडतात आणि मुद्दल आपल्याच नावावर राहते. मात्र हा दर ठेवीच्या पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो. याच योजनेचा दर २००४ मध्ये ९ टक्के होता आणि २०२० मध्ये ७.४ टक्क्यांवर आला होता. त्यामुळे मुदत संपल्यावर कोणता दर मिळेल, हे आज सांगता येत नाही. व्याजही ठरलेलेच असल्याने महागाईची झळ इथेही बसते. दोन्हीकडचे उत्पन्न करपात्र आहे.

आकड्यांच्या पलीकडचा एक फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हाताशी असलेले मुद्दल घरातल्या माणसांच्या नजरेत असते. मुलाच्या फ्लॅटसाठी, जावयाच्या धंद्यासाठी किंवा ओळखीच्या पतसंस्थेने दीड-दोन टक्के जास्त व्याज देऊ केले म्हणून ते मोडले जाते. बँकेतील ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ॲन्युइटीच्या पैशाला असा हात लावता येत नाही, आणि ऐंशीव्या वर्षी पोस्टात किंवा बँकेत खेटे घालण्याऐवजी वेळच्या वेळी हयातीचा दाखला दिला की काम भागते.

म्हणून माझा कल पुढीलप्रमाणे आहे. किराणा, वीजबिल आणि औषधे यांचा महिन्याचा खर्च काढून त्यातून ईपीएसची रक्कम वजा करावी. निवृत्त होताच सगळे पैसे ॲन्युइटीत घालू नयेत. पहिली पाच वर्षे ते बचत योजनेत ठेवावेत, जमल्यास व्याजातला काही भाग शिलकीत टाकावा, आणि उरलेली तूट भरून काढण्यापुरतीच ॲन्युइटी पासष्टीच्या आसपास घ्यावी. त्या वयात दर सहसा थोडा चांगला मिळतो. ज्यांचा हात सढळ आहे किंवा ज्यांना नाही म्हणणे जमत नाही, त्यांनी मात्र ॲन्युइटीचा काही भाग आधीच घेणे बरे.

पत्नी हयात असेल, तर तिचे नाव केवळ नामनिर्देशनात घालून भागत नाही. पतीनंतर तिला ईपीएसची पेन्शन साधारण निम्मीच मिळते. एकट्याच्या नावावरची ॲन्युइटी तर त्याच्याबरोबरच थांबते आणि फार तर मूळ रक्कम एकदम हाती येते. त्यामुळे अर्जावर संयुक्त हयातीचा, पतीनंतर पत्नीला पूर्ण पेन्शन देणारा पर्याय निवडला आहे ना, हे पॉलिसी हाती येताच तपासावे. फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करण्याची, मुदत उलटल्यावर तो बदलून मिळत नाही.