मुंबईवर मिथककथा लिहायचीय? प्लेग घ्यावा की गोदीचा स्फोट

दुःख, प्रेम आणि मोडलेलं शहर पुन्हा उभं राहणं, हे सगळं एका मिथककथेत आणायचं आणि शहर मुंबईच हवं, असं मनात असेल तर दोन आपत्ती हाताशी आहेत : १८९६चा प्लेग आणि १४ एप्रिल १९४४चा गोदीतला स्फोट. मी दोन्हींवर खर्डे लिहून पाहिले आहेत, म्हणून सांगतो.

स्फोट लगेच ओढून घेतो. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकाच पोटात भरलेल्या. दुपारी चारनंतर जहाज फुटलं, अर्ध्या तासाने पुन्हा. पेटता कापूस आणि सोनं आकाशातून शहरावर पडलं. पुराणकाराने आणखी काय रचायचं? अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. तुमची गोष्ट एका जोडप्याची आणि एका दुपारची असेल, तो धक्क्यावर, ती मशीद बंदरच्या खोलीत, तर बेलाशक हाच विषय घ्या. माझा खर्डा मात्र चौथ्या प्रकरणात अडला. कोण गेलं, कसं गेलं, सगळं एका संध्याकाळीच कळलेलं. पुढे नुसता ढिगारा उपसणं उरलं.

प्लेग दाराशी येऊन बसतो. सप्टेंबरात गोदीजवळच्या मांडवी भागात तो ओळखला गेला आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. कोंदट घरांत उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढत. या एका दृश्यापाशी मी पंधरा दिवस थांबलो होतो : ती निजायची त्या कोपऱ्यात, ती गेल्यावर, पहिल्यांदा ऊन पडलंय.

प्रेमही इथे जास्त अवघड, म्हणून जास्त खरं. रुग्णालयात नेलेलं माणूस परत येत नाही या धास्तीने लोक आजारी माणसाला लपवत. ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. नवऱ्याला माळ्यावर लपवणारी बाई त्याला जपते आणि अख्ख्या चाळीला धोक्यात घालते. तिला दोषी ठरवण्याची घाई करू नका.

आणि दैवत तर घरचंच. गावाकडे साथ आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडतात. मुंबईला वेस कुठली? तिन्ही बाजूंनी पाणी. गाडा सोडायचा कुठे, या प्रश्नातच कादंबरीची सुरुवात आहे.

शहर उभारणीत तर तुलनाच नको. १८९८मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था आली. समुद्राचा वारा आत यावा म्हणून दाट वस्त्या कापून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. वाऱ्यासाठी रस्ते कापणारं शहर! पण ज्यांच्या खोल्या त्या रस्त्यांखाली गेल्या, त्यांना वारा म्हणजे घर मागणारा देवच वाटला असेल. त्यांना पानात जागा द्या. प्लेगवर लस काढणारे शास्त्रज्ञ हाफकिन, त्यांची लस आणि साहेब लोक मागे राहिले तरी चालतील.

ठरत नसेल तर एकदा संध्याकाळी मरीन लाइन्सकडून प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या शामळदास गांधी मार्गावर, चालत या. पाठीवर वारा लागतो तो त्याच रस्त्याने आत येतोय.